बगळ्याची चाल

दुकानाचं दार धाडकन उघडलं आणि पावसाच्या झोताबरोबर एक उंच माणूस आत शिरला. अंगात नुसता सदरा, तोही चिंब... आणि कोट मात्र छातीशी धरलेल्या कशाला तरी गुंडाळलेला. त्या गाठोड्यातून बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता.

“कुत्र्याचं पिल्लू असेल तर जनावरांचे डॉक्टर पुलापलीकडे राहतात,” मी म्हणाले. “आम्ही खोगिरं शिवतो.”

“पिल्लू नाही,” तो म्हणाला आणि त्यानं कोट माझ्यासमोर उलगडला. आत एक कॉन्सर्टिना होती. दोन हातांत धरून दाबायची-ताणायची ती छोटी सहा कोनांची पेटी. “भाता फाटलाय. मला सांगितलं, ऑल्डरफर्डमध्ये चामड्याचं काम वाइल्डिंगकडेच करायचं. ते कुठं आहेत?”

“एक वाइल्डिंग वर झोपलेत, गुडघे दुखतायत म्हणून. दुसरी तुमच्यासमोर उभी आहे.”

त्यानं माझ्या हातातल्या आरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कानापर्यंत लाल झाला. मला बरं वाटलं. ऑल्डरफर्डच्या मुलांचं माझ्याकडे बघून लाल होणं मी सहावीत असतानाच बंद झालं होतं.

तो एडविन ट्रँटर. सरकारी नकाशा खात्यातला मोजणीदार. महायुद्धानंतर सगळे नकाशे नव्यानं काढायचे ठरले होते आणि आमच्या खोऱ्यातली शेतं, कुंपणं, ओढे मोजायला त्याला पाठवलं होतं. ते साल बावन्न. चहा नुकताच शिधापत्रिकेतून सुटला होता, साखर अजून अडकलेली होती.

मी भात्याची फाटलेली घडी सोडवली, कोकराच्या कातड्याचा पातळ तुकडा कापला, खळ लावली. तो स्टुलावर बसून शेगडीपुढे सदरा वाळवत होता. मधेच म्हणाला, “तुम्ही आत्ता काय गुणगुणताय?”

“मी? काही नाही.”

“गुणगुणताय. ‘बगळ्याची चाल’ आहे ती. पण चुकीची.”

मी आरी खाली ठेवली.

ही चाल माझे आजोबा, जेथ्रो वाइल्डिंग, साठ वर्षं फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, वाजवत होते. त्यांनी ती बाबांना दिली. बाबांची बोटं आखडली तेव्हा त्यांनी ती मला दिली, म्हणजे अकराव्या वर्षापासून गावातल्या प्रत्येक नाचाला ती मीच वाजवत आले होते. आणि हा काल आलेला, सदरा वाळवत बसलेला माणूस मला म्हणतो, चुकीची!

“चुकीची म्हणजे?”

“दुसऱ्या भागात, पाचव्या ओळीत तुम्ही थांबता. दोन मात्रा जास्त. माझ्याकडे वही आहे, दीडशे वर्षांपूर्वीची, हातानं लिहिलेली. तीत तिथं थांबा नाहीच.”

“मग वही चुकली असेल.”

“वही कशी चुकेल?”

“माणसानंच लिहिली ना?”

तो हसला. ते हसू मात्र मोजणीदाराचं नव्हतं... जरा वाकडं होतं, डाव्या बाजूला जास्त.

त्या चालीचा स्वभावच विचित्र आहे. तीन-तीन मात्रांची, पण गिरकी घेणारी नाही. पाय टाकत जाणारी. ना धड दुःखी, ना धड आनंदी. पहिला भाग सगळा खालच्या तारांवर, उथळ पाण्यात जपून पावलं टाकावीत तसा. दुसरा भाग अचानक उंच उडी मारतो, वाटतं आता उडालाच... आणि तिथंच एका सुरावर तो थबकतो. पाय उचललेला, खाली ठेवायचा राहिलेला. दोन मात्रा. मग काही झालंच नाही असं दाखवत पुढे चालू लागतो.

भाता दुसऱ्या दिवशी तयार झाला. तो न्यायला आला तेव्हा मी फिडल घेऊनच बसले होते. आम्ही दोघांनी मिळून ती चाल धरली. पहिला भाग सुरेख गेला. दुसऱ्या भागात मी थांबले, तो पुढे गेला, आणि दोन गाड्या बोळात समोरासमोर याव्यात तसा गोंधळ झाला.

वरून बाबांनी काठी आपटली. “हेस! कुणाला मारतेयस का?”

“अजून नाही, बाबा!”

*

मग दर मंगळवारी संध्याकाळी गावाच्या सभागृहात आमचा सराव सुरू झाला. नाचणारे आठ-दहा जण, वाजवणारे आम्ही दोघं. प्रत्येक मंगळवारी ती चाल यायची आणि प्रत्येक मंगळवारी त्याच जागी आमची टक्कर व्हायची. शेवटी नाचणारेच ओरडले, आणि त्यानं नाइलाजानं माझ्याबरोबर थांबायला सुरुवात केली. पण थांबताना भुवया वर नेऊन माझ्याकडे बघायचा. जणू म्हणायचा — का?

हा ‘का’ त्याला स्वस्थ बसू देईना. खरं सांगायचं तर मलाही. पंधरा वर्षं मी तिथं थांबत होते, पण कधी विचारलंच नव्हतं.

“तुमच्या आजोबांचं एखादं बोट अधू होतं का?” एका मंगळवारी मी फिडलच्या गजाला राळ लावत असताना त्यानं विचारलं.

“दहाही शाबूत होती.”

“मग त्यांना तिथं बिअरचा घोट घ्यायची सवय असेल.”

“दोन मात्रांत? तुम्ही घेऊन दाखवा.”

पुढच्या मंगळवारी त्यानं खरंच घेऊन दाखवला. अर्धी बिअर सदऱ्यावर, उरलेली कॉन्सर्टिनावर. तो पर्याय बाद झाला.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की चहाच्या वेळी तो साखर घेत नाही. कागदाच्या पुडीत आपल्या वाटणीची साखर आणायचा आणि बोलता बोलता माझ्या बशीशेजारी सरकवायचा. “मला गोड आवडत नाही,” म्हणायचा. मग नाताळात मी शहाजिऱ्याचा केक केला, आणि गोड न आवडणाऱ्या या माणसानं त्याचे चार तुकडे खाल्ले.

मी पाचवा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. तो पुन्हा लाल झाला.

*

मार्चमध्ये एका मंगळवारी तो कॉन्सर्टिना बाजूला ठेवून नाचणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. “आतून बघतो कसं वाटतं ते,” म्हणाला. बायका एका रांगेत, पुरुष समोरच्या. मी एकटीच वाजवू लागले. तो नाचायला बरा होता. मोजून पावलं टाकत होता, पण टाकत होता. थांब्याच्या जागी मी थांबले, तसे सगळे जागच्या जागी उभे राहिले. मला त्याची पाठ तेवढी दिसत होती.

नाच संपला तसा तो जवळजवळ धावत आला.

“मिस वाइल्डिंग, तिथं कुणीच काही करत नाही!”

“मग?”

“काहीच करत नाही म्हणजे... जोडीदाराकडे बघतात. दुसरं करण्यासारखं काही नसतंच! हात सुटलेले असतात, वळून झालेलं असतं. नुसतं समोर बघत उभं राहायचं. तुम्हाला माहीत होतं हे?”

“मला कसं माहीत असणार? मी तारांकडे बघत असते.”

“म्हणजे... तुम्ही या चालीवर कधीच नाचला नाहीत?”

“वाजवणाऱ्यानं नाचायचं कसं?”

लोक पांगले तरी तो गेला नाही. सभागृहातल्या लाकडी खुर्च्या ओढून त्यानं दोन रांगा केल्या, समोरासमोर तीन-तीन. “या बायका, हे पुरुष. या मिसेस खुर्चीच्या पायावर पाय देऊ नका, चिडतात त्या. चला.”

“आणि वाजवणार कोण?”

“मी शीळ घालतो.”

तो शीळ घालत नाचला आणि मी हसत नाचले. वळताना एका गृहस्थ खुर्चीला धक्का लागून ती उलटली, तिची आम्ही माफी मागितली. शीळ उंच गेली. आमचे हात सुटले, मी वळून माझ्या जागी आले, तो त्याच्या जागी... आणि तो थांबला.

वहीत थांबा नसलेल्या जागी तो आपण होऊन थांबला.

दोन मात्रा म्हणजे किती? श्वास आत घ्यायला लागतो तेवढा वेळ. एवढ्याशा वेळात मला दिसलं की त्याचे डोळे करडे नाहीत, हिरवट आहेत. आणि तो आता हसत नाहीये. शीळ पुढे गेलीच नाही. तीन मात्रा झाल्या, चार झाल्या...

“खुर्च्या लावायला हव्यात,” मी म्हणाले.

“हो. खुर्च्या,” तो म्हणाला.

आम्ही खुर्च्या लावल्या. एवढ्या सरळ रांगेत त्या सभागृहात खुर्च्या कधी लागल्या नसतील.

*

मे महिन्यात बाबांनीच आम्हाला एनॉक प्रॉबर्टचं नाव सुचवलं. “माझ्या वडिलांच्या नाचाला जाणारा आता तो एकटाच उरलाय. अठ्ठ्याऐंशीचा आहे. ऐकू कमी येतं, पण बोलायला कमी पडत नाही.”

एनॉक आजोबांनी सारा जन्म नदीवर नाव चालवली होती. पूल झाल्यावर नाव गेली, पण ते काठावरच्या घरातून हलले नाहीत. शनिवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा ते घेवड्याच्या वेलांसाठी काठ्या रोवत होते. एडविननं त्यांच्यासमोर कॉन्सर्टिनावर ती चाल वाजवली. थांब्यासकट. म्हातारा काठीवर रेलून ऐकत राहिला.

“कमी थांबलास,” संपल्यावर ते म्हणाले.

“अं?”

“जेथ्रो याहून जास्त थांबायचा. लीआ वळून जागेवर येईपर्यंत.”

मी विचारलं, “लीआ कोण, आजोबा?”

“माझी बायको, पोरी. तेव्हा नव्हती, नंतर झाली. लहानपणी ताप येऊन तिचा एक पाय लुळा पडला होता. पण नाचाची हौस! अशी हौस मी दुसऱ्या कुणात बघितली नाही. बाकीचं सगळं जमायचं तिला, फक्त त्या मोठ्या वळणावर मागे पडायची. लोक हसायचे. मग एका दिवशी जेथ्रो तिथं थांबला. सूर धरून ठेवला त्यानं, ती येईपर्यंत. ती आली, तसा पुढे गेला. सगळ्यांना थांबावं लागलं. पुढच्या नाचाला पुन्हा तेच. मग तरण्या पोरापोरींना त्याची गोडी लागली. नुसतं बघत उभं राहायला मिळतंय, कुणाला नको असणार?”

एडविननं टिपणवही काढली होती, पण तो लिहीत नव्हता.

“म्हणजे माझ्या आजोबांनी... दयेपोटी केलं?” मी म्हणाले.

“दया?” म्हातारा खो खो हसला. “अगं, त्याचा जीव होता तिच्यावर! सगळ्या गावाला कळत होतं. तिला कळत होतं, मला कळत होतं. एक तुझा आजोबाच काय तो समजत होता की कुणाला कळत नाही.”

नदीवर ऊन चमकत होतं.

“मग... ती तुमच्याशी कशी...”

“मी विचारलं,” एनॉक आजोबा म्हणाले. हसणं थांबलं होतं. “एवढंच. दोन वर्षं ती वाट बघत होती, तो विचारील म्हणून. मला तिनंच सांगितलं नंतर, लपवलं नाही. पण तो फिडल सोडून खाली उतरायलाच तयार नाही. थांबायचा मात्र, न चुकता. शेवटी मी विचारलं, ती हो म्हणाली. तुझ्या आजीबरोबरही त्यानं पुढे चांगला संसार केला हो, वाईट झालं असं नाही. आणि लीआ माझ्याबरोबर सुखात राहिली. पण आमच्या लग्नाच्या नाचालाही वाजवायला तोच होता. आणि त्या दिवशीही थांबला.”

त्यांनी काठी मातीत रोवली आणि वर हातानं थापटली.

परतताना नदीकाठची वाट अरुंद होती. एडविन पुढे, मी मागे. सात महिने ज्याचा पाठलाग केला ते हाती लागलं होतं. आनंदानं ओरडायला हवं होतं. आम्ही दोघंही खाली मान घालून चालत होतो.

फाटकापाशी तो थांबला. खिशातून एक पाकीट काढून त्याच्या कडा सरळ करू लागला. “बदलीचं पत्र आलंय. नॉर्थम्बरलँडला. सोमवारी निघायचंय.”

सोमवार म्हणजे परवा.

“बरं,” मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं. आणखी काही तरी येईल म्हणून वाट बघितली असावी. मी फाटकाची कडी बघत होते.

“बरं,” तोही म्हणाला आणि गेला.

*

रविवारी सकाळी मी चर्चला गेले नाही. दुकानात बसून एका लगामाचा पट्टा शिवत होते, आणि तिसऱ्यांदा दाभण बोटात शिरली तेव्हा बाबा जिन्यावरून म्हणाले, “तो प्रीसच्या शेतात आहे.”

“कोण?”

“इंग्लंडची राणी. कोण म्हणजे काय? खिडकीतून दिसतोय. रविवार असून एकटाच साखळी घेऊन फिरतोय येड्यासारखा.” मग जरा थांबून म्हणाले, “हेस, लगाम काय, उद्याही शिवता येईल.”

मी एप्रन न काढताच निघाले.

प्रीसच्या शेतात गवत गुडघ्याच्या वर आलं होतं. कापणीला आणखी तीन आठवडे. वारा सुटला होता, सगळं शेत एका बाजूला कलून पुन्हा उठत होतं. एडविन मधोमध उभा होता, हातात मोजणीची लोखंडी साखळी.

“बरं झालं आलात,” तो घाईनं म्हणाला. माझ्याकडे न बघताच. “मदतनीस घरी गेलाय. एवढं टोक धरता? कुंपणापर्यंत जा. ताणून धरा, सैल सोडू नका.”

काय बोलायचं ते मी येताना वाटभर घोकत आले होते. ते तसंच राहिलं. मी टोक धरून चालू लागले. साखळी ताणली गेली तेव्हा आमच्यात बावीस यार्डांचं अंतर होतं. तो वाकून खुंटीकडे बघत होता. माझ्या पायाशीही एक खुंटी होती. जुनी, पावसानं काळी पडलेली, डोक्यावर लाल रंगाचा पुसट ठिपका.

“हे शेत तुम्ही एप्रिलमध्येच मोजलं होतं ना?” मी ओरडले.

तो ताठ उभा राहिला. “काय?”

“हे शेत! मोजून झालंय!”

वाऱ्यानं त्याचं उत्तर अर्धं नेलं. “...चुकलं असेल असं वाटलं!”

“मग? चुकलं होतं?”

त्यानं खुंटीकडे बघितलं. मग—“नाही!”

“मग परत का मोजताय?”

“तिसऱ्यांदा मोजतोय!” तो ओरडला. “या गावातलं माझं काम तीन आठवड्यांपूर्वीच संपलं! मी कळवलं नाही! आज सकाळी नऊपासून या शेतात उभा आहे, कारण तुमच्या खिडकीतून हेच दिसतं!”

मला वाटलं, आता थोडं थांबावं. त्यानं पुढचं बोलावं. तो बोलेलच. मी नुसतं उभं राहायचं... आणि तेवढ्यात मला माझीच भीती वाटली. हे असं उभं राहणं आमच्या घराण्यातच होतं.

“जाऊ नकोस!” मी सगळा जीव एकवटून ओरडले.

“काय म्हणालात?”

“जाऊ नका म्हणाले!”

“नाही!” त्यानं साखळी खाली टाकली. आमच्या खोऱ्यातल्या मोजणीदारानं, ओल्या गवतात, सरकारी साखळी! “‘नकोस’ म्हणालात! मी ऐकलं!”

“ऐकलंस तर मग विचारतोस कशाला?”

तो चालायला लागला. मग पळायला. मीही टोक टाकलं. गवत पायांत अडकत होतं, एप्रन वाऱ्यावर उडत होता, आणि मधे कुठं तरी आम्ही एकमेकांवर आदळलो ते त्या पहिल्या दिवशीच्या सुरांपेक्षाही बेसूर. त्याच्या कपाळाला माझं नाक लागलं.

“लागलं?” तो धापा टाकत म्हणाला.

“हो.”

“हेस्टर, जावं तर लागेलच. सरकारी नोकरी आहे. पण तिकडे... तिकडे घोडे खूप आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे खोगिरं लागतात त्यांना.” तो पुन्हा कानापर्यंत लाल झाला होता. “मी नीट विचारत नाहीये. थांब. मी तुझ्या बाबांशी बोलतो आधी...”

“आधी माझ्याशी बोल.”

“माझ्याशी लग्न करशील?”

मी एकही मात्रा जाऊ दिली नाही. तो ‘करशील’ पुरता म्हणायच्या आत मी “हो” म्हणाले. त्यामुळे त्याला ते ऐकूच गेलं नाही आणि मला पुन्हा म्हणावं लागलं.

कुंपणापलीकडून प्रीस ओरडत होता, टोपी हलवत, लालबुंद होऊन. ऐन कापणीच्या तोंडावर आलेलं गवत तुडवताय, अक्कल आहे का म्हणून. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आम्ही आणखी थोडं तुडवलं.